कण्यातील गादी फाटली तर तिला ठिगळ लावता येते काय?

भाताच्या तरव्याची तयारी चालली होती त्या दिवसांतली गोष्ट. रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. खुर्ची पुढे केली तरी बसेनात. एक हात कमरेवर, एक भिंतीला, असे उभ्या उभ्याच बोलत राहिले. महिन्यापूर्वी ट्रॉलीतून खताचे पोते उतरवताना त्यांच्या कमरेत चमक भरली होती, आणि तेव्हापासून डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीवरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत विजेसारखी उतरत होती. शहरात जाऊन त्यांनी एमआरआयही काढून आणला होता. त्या मोठ्या पाकिटाबरोबर त्यांनी आणखी एक कागद आमच्या हाती दिला. एका खाजगी दवाखान्याचे ते गुळगुळीत, रंगीत पत्रक होते. 'चिरफाड नाही, टाका नाही. एका इंजेक्शनात गादी नवी' असे वर ठळक छापलेले, आणि आत खर्चाचा आकडा अडीच लाख रुपये.

"फादर, ओढ्याकडचा तुकडा गहाण टाकावा म्हणतो. हे खरं आहे का खोटं, तेवढं सांगा."

आम्ही काही वैद्य नव्हे. तरी जमिनीचा तुकडा जाण्याची गोष्ट होती, म्हणून त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले, ओळखीच्या एका हाडांच्या डॉक्टरांशी सविस्तर बोललो आणि मिळेल ते वाचून काढले. आमच्या धर्मग्रामात पाठीचे दुखणे नाही असे घर विरळाच. तेव्हा त्या गृहस्थांना जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने सांगत आहो.

गादी म्हणजे नेमके काय

'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आली', 'नस दबली' असे आपण म्हणतो. यांतला पहिला शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. दोन मणक्यांमधली गादी खाटेवरच्या गादीसारखी सुटी ठेवलेली नसते. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट जडलेली असते. ती सरकत नाही. ती फाटते, आणि आतला गर बाहेर येतो.

माणसाच्या कण्यात अशा २३ गाद्या आहेत. ट्रॅक्टरचे जुने, फाटलेले टायर ज्यांनी पाहिले आहे त्यांना गादीची रचना चटकन कळेल. टायरच्या रबरात कापडाचे थर असतात. एका थराचे धागे एका बाजूस तिरपे, त्यावरच्या थराचे दुसऱ्या बाजूस तिरपे. गादीचे बाहेरचे कडे अगदी असेच असते. कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे १५ ते २५ थर, एकाआड एक उलट्या दिशेने तिरपे, म्हणून कोणत्याही अंगाने पीळ पडला तरी काही थर तो पेलतातच. या कड्याच्या आत जेलीसारखा गर. तरुणपणी या गराच्या दहा भागांतले आठ किंवा त्याहून जास्त भाग निव्वळ पाणी असते. ते पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकॅन नावाचे द्रव्य गरात असते. वजन आले की गर दाबला जातो, कडे चहूबाजूंनी ताणले जाते आणि दाब सारखा वाटला जातो. दिवसभराच्या ओझ्याने गादीतले थोडे पाणी पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर ती ते पुन्हा शोषून घेते. यामुळेच माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळच्यापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. कोणाला खरे वाटत नसेल तर दाराच्या चौकटीवर खुणा करून पाहावे. आमच्याकडच्या मुलांनी पाहिले आहे.

आता मुख्य मुद्दा. हात विळ्याने कापला तर आठवड्यात खपली धरते. हाड मोडले तर दोन-तीन महिन्यांत सांधते. मग गादी का भरून येत नाही? कारण तिच्यापर्यंत पाट पोहोचत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातला रक्तवाहिनी नसलेला सर्वांत मोठा भाग म्हणजे ही गादी. कड्याच्या अगदी बाहेरच्या थरांत काय थोड्या बारीक वाहिन्या असतील तेवढ्याच. आतल्या पेशींना अन्न व प्राणवायू मिळतो तो मणक्याच्या हाडातून, मधल्या कूर्चेच्या पातळ थरातून झिरपून. पाटाचे पाणी आणि बांधातून येणारी झिरप यांतला फरक शेतकऱ्यास सांगावयास नको. झिरपीवर वाढलेल्या पिकासारख्याच गादीतल्या पेशी विरळ असतात आणि त्यांचे काम संथ चालते. वय वाढते तशी ती कूर्चाही कठीण होते, झिरप कमी होते, गर सुकतो. तंबाखूचा धूर बारीक रक्तवाहिन्या आकसवतो, म्हणून बिडी ओढणाऱ्यांच्या गाद्या लवकर खराब होतात. आणि फाटलेले कडे आपण होऊन सांधते ते फक्त बाहेरच्या अंगाला, पातळशा व्रणाने. आतली चीर तशीच राहते.

म्हणजे त्या पत्रकाने ज्या गोष्टीचे वचन दिले होते, ती गोष्ट शरीरालाही स्वतः करता येत नाही. म्हणूनच माणसाने ती करून पाहण्याचा उद्योग फार वर्षे चालविला आहे.

लोखंडाच्या गोळीपासून जेलीपर्यंत

मांडीतून पायात उतरणाऱ्या या कळेचे कारण गादीतून बाहेर आलेला गर आहे, हे जगाला पटवून दिले अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्सटर आणि बार या दोन शल्यविशारदांनी, १९३४ साली. त्याआधी तेथे सापडणाऱ्या त्या तुकड्याला कूर्चेची गाठ समजत. तेव्हापासून ऑपरेशन रूढ झाले: मागून शिरून नसेवर दाब देणारा गराचा तुकडा काढून टाकायचा. आता ते दुर्बिणीतून, लहानशा छेदातून करतात आणि पायातली कळ बहुतेकांची लगेच उतरते. मात्र एक गोष्ट डॉक्टरमंडळी सहसा उघडून सांगत नाहीत. तुकडा काढला जातो, पण कड्याला पडलेले भोक बुजवले जात नाही. ट्यूबमधला खिळा काढावा आणि पंक्चर न काढताच चाक चढवावे तसा हा प्रकार. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांच्या गादीतून त्याच जागी पुन्हा गर बाहेर येतो.

मग ती पोकळी भरावी कशाने? स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम नावाच्या शल्यविशारदाने १९६० च्या दशकात गादीच्या जागी चक्क पोलादाची गोळी बसवून पाहिली. पोलाद झिजत नाही हे खरे, पण हाड त्याहून मऊ. गोळ्या हळूहळू मणक्यात रुतू लागल्या. चिखलात दगड रुततो तसेच.

पुढे पूर्व बर्लिनच्या शारिते रुग्णालयात कुर्ट शेलनाक आणि कारिन ब्युट्नर-यांत्स या दोघांनी धातूच्या दोन तबकड्या व मध्ये प्लॅस्टिकची सरकती चकती अशी कृत्रिम गादी केली. ती १९८४ साली पहिल्यांदा रुग्णाला बसली. यांतल्या कारिनबाई १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके मिळविलेल्या खेळाडू. पाठीचा कणा किती वाकतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! अमेरिकेने त्या गादीला २००४ साली परवानगी दिली. ती विशिष्ट गादी पुढे मागे पडली, पण तिच्या वंशातल्या गाद्या निवडक रुग्णांना आजही बसवितात. मात्र ही दुरुस्ती नव्हे. मोडकी भिंत पाडून त्या जागी सिमेंटची भिंत घालण्याचा प्रकार आहे.

दुरुस्तीचा पहिला गंभीर प्रयत्न १९९० च्या दशकात झाला. पाणी शोषून फुगणाऱ्या हायड्रोजेलच्या लहान उशा, वर विणलेले आवरण, आणि त्या गराच्या जागी सरकवून द्यायच्या. कल्पना चांगली होती. पण ज्या भोकातून उशी आत घातली त्याच भोकातून काहींची उशी बाहेर आली. यातून संशोधक एक गोष्ट शिकले, ती कोणी पंक्चरवाला त्यांना पहिल्याच दिवशी सांगू शकला असता: भोक बुजविल्याशिवाय आत काही भरण्यात अर्थ नाही.

आता कोठवर आले आहे

शरीरात बसविण्याजोग्या अशा द्रव्यांना बायोमटेरियल म्हणतात. गादीसाठी ते बनविणे का अवघड, हे उसाच्या गुऱ्हाळावर उभे राहून समजते. काकवी वाहते, गूळ थिजतो. गादीसाठी असे द्रव्य हवे की जे बारीक सुईतून काकवीसारखे आत जाईल आणि काही मिनिटांत आतल्या आत थिजेल. थिजल्यावर ते गुळासारखे कडक नको, नाहीतर पोलादाच्या गोळीची गत. फार मऊही नको, नाहीतर ते पिळून बाहेर येणार. दिवसातून हजारो वेळा दाब येऊनही ते टिकले पाहिजे. त्याने तेथल्या अर्धपोटी पेशींना मारता कामा नये, आणि कड्याला ते चिकटूनही राहिले पाहिजे. इतक्या अटी एका द्रव्यात क्वचितच सापडतात.

भोक बुजविण्याचे एक साधन मात्र प्रत्यक्ष वापरात आले आहे. पॉलिएस्टरची विणलेली छोटी जाळी, ती भोकाच्या आतून बसते आणि टायटॅनियमच्या खुंटीने शेजारच्या मणक्यात पक्की केली जाते. युरोपात ५५४ रुग्णांवर तिची चाचणी झाली. सर्वांच्या गादीला मोठे भोक होते. निम्म्यांना तुकडा काढल्यावर जाळी बसविली, निम्म्यांना नाही. दोन वर्षांत त्रास देणारा गर पुन्हा बाहेर आला तो जाळी नसलेल्यांत शंभरी २५ जणांचा, जाळीवाल्यांत १२ जणांचा. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावे लागले ते पहिल्या गटात ४५ जणांना, दुसऱ्यात २४ जणांना. अमेरिकेने २०१८ च्या डिसेंबरात तिला मंजुरी दिली. येथवर ऐकून आमचे गृहस्थ खूष झाले. पण त्याच चाचणीचा पुढचा आकडाही सांगितला पाहिजे. जाळी बसविलेल्यांपैकी शंभरी ८४ जणांच्या मणक्याच्या काठावर, म्हणजे जेथून गादीला झिरप मिळते त्याच थरात, बदल दिसू लागले. जाळी नसलेल्यांत हे प्रमाण ३० होते. भोक बुजले, पण बांधाला चरे पडले. म्हणून मोठे भोक असलेल्यांपुरतीच ही जाळी योग्य ठरते, आणि तीही ऑपरेशन करायचेच ठरले असेल तर. इंजेक्शनाचा यात संबंध नाही.

दुसरे काम अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे, आणि ते आम्हांला सर्वांत आशादायक वाटले. बोनासर हे अभियंते आणि हेर्टल हे शल्यविशारद यांच्या मंडळींनी भोकावर लावण्यासाठी घट्ट कोलॅजेनची जेली तयार केली. ज्या द्रव्याचे कडे बनलेले, त्याच द्रव्याचे ठिगळ. ती थिजविण्यासाठी त्यांनी रायबोफ्लेविन वापरले. हे म्हणजे दुधात आणि पालेभाजीत असणारे ब-२ जीवनसत्त्व. त्यावर विशिष्ट प्रकाश पाडला की कोलॅजेनचे धागे एकमेकांत गुंततात आणि ठिगळ पक्के होते. आत गराच्या जागी हायलुरॉनिक आम्लाची जेली भरली. हे आम्ल आपल्या गुडघ्यातल्या वंगणातही असते. २०२० साली त्यांनी मेंढ्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या मेंढ्यांचा गर काढून भोक तसेच सोडले त्यांच्या गाद्या सुकू लागल्या. ज्यांना आतून भरणही घातले आणि वरून ठिगळही लावले, त्यांच्या गाद्यांनी पाणी आणि उंची बऱ्यापैकी राखली.

मेंढीच का, असा प्रश्न आमच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनीही विचारला. मेंढीच्या कमरेची गादी आकाराने व घडणीने माणसाच्या गादीच्या बरीच जवळ जाते. चार पायांवर चालत असली तरी पाठीचे स्नायू तिचा कणा ताणून धरतात, त्यामुळे गादीवर दाब येतोच. पण मेंढी खताचे पोते उचलत नाही, तेव्हा मेंढीत टिकलेले ठिगळ माणसात टिकेलच असे धरून चालता येत नाही.

तिसरे काम जपानच्या होक्काइडो विद्यापीठातील सुदो यांच्या गटाचे. समुद्री शेवाळापासून अल्जिनेट नावाचे द्रव्य मिळते. दातांच्या डॉक्टरांनी कवळीचे माप घेताना तोंडात जो गार लगदा भरला असेल, तो बहुधा याचाच. चुन्याचा क्षार, म्हणजे कॅल्शियम, मिळाला की ते थिजते. सुदोंनी ते अतिशय शुद्ध करून, ऑपरेशननंतरच्या पोकळीत ओतून तेथल्या तेथे थिजविले. त्यात पेशी मिसळलेल्या नाहीत. मूळच्या पेशींना पुन्हा कामाला लागण्यासाठी ओलावा आणि आधार द्यायचा एवढाच हेतू. ससे व मेंढ्यांवर चांगले दिसल्यावर माणसांवरही चाचणी सुरू झाली.

आणि आता त्या पत्रकाकडे येऊ. पत्रकात 'मूलपेशी' होत्या, म्हणजे स्टेम सेल. रुग्णाच्या किंवा दुसऱ्याच्या शरीरातून काढलेल्या पेशी गादीत सोडायच्या, त्या तेथे नवा गर बनवतील अशी ही कल्पना. संशोधन म्हणून ती चुकीची नाही. अमेरिका व ऑस्ट्रेलियात ४०४ रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली. काहींना पेशी, काहींना पेशींबरोबर हायलुरॉनिक आम्लाची जेली, काहींना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय दिले ते रुग्णाला माहीत नव्हते. २०२१ साली निकाल आला. वेदना आणि हालचाल या दोहोंत मिळून जो फरक दिसावयास हवा म्हणून आधी ठरविले होते, तो दिसला नाही. काहींच्या वेदना कमी झाल्या, पण मिठाच्या पाण्यानेही बऱ्याच जणांना बरे वाटले होते! शिवाय ते सगळे रुग्ण जुन्या कंबरदुखीचे. आमच्या गृहस्थांसारखी नस दबलेल्यांची ती चाचणीच नव्हती.

आपल्या देशात याविषयी नियम स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे ठराविक आजार सोडले तर मूलपेशी देणे हे उपचारात मोडत नाही, ते संशोधन आहे. आणि मान्यता मिळालेल्या चाचणीबाहेर ते करता येत नाही. चाचणीची नोंद भारतीय नोंदवहीत करावी लागते, तिला सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. आम्ही त्या गृहस्थांच्या समोरच पत्रकावरच्या नंबरला फोन लावला आणि नोंदणी क्रमांक तेवढा विचारला. पलीकडच्या मुलीने थोडा वेळ थांबा म्हटले, मग परत येऊन म्हणाली, "तुम्ही या आठवड्यात आलात तर तीस हजार सूट आहे." आम्ही पुन्हा क्रमांक विचारला. फोन बंद झाला.

मग करायचे काय

या सर्व द्रव्यांविषयी वाचताना आम्हांला खरे आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. फाटलेली गादी भरून येत नाही हे खरे, पण बाहेर पडलेला गर बहुधा आपोआप जिरतो. आत कड्यात असताना गर रक्तापासून दूर असतो. बाहेर पडताच तो रक्तवाहिन्यांच्या तावडीत सापडतो, आणि रक्तातल्या भक्षक पेशी त्याला परका समजून खाऊ लागतात. त्यामुळे एक उलटीच गोष्ट घडते. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांप्रमाणे गादी नुसती फुगली असेल तर ती पूर्ववत होण्याचे प्रमाण शंभरात १३, पण तुकडा सुटून पूर्ण बाहेर पडला असेल तर लहान होण्याचे किंवा जिरण्याचे प्रमाण ९६. रिपोर्टात जे अधिक भयंकर दिसते तेच अधिक चांगले जिरते.

हॉलंडमध्ये तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांचे ऑपरेशन लगेच केले आणि निम्म्यांना थांबविले. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. थांबलेल्यांपैकी शंभरी ३९ जणांना वर्षाच्या आत ऑपरेशन करून घ्यावेच लागले, इतर तसेच बरे झाले. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर उतरली हे नक्की. पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. म्हणजे ऑपरेशन वाईट नव्हे. सहन होत नसेल, दोन-तीन महिने थांबूनही पाय सुधारत नसेल, तर ते करून घ्यावे. त्याला घाबरून भलतीकडे पैसे ओतू नयेत.

एमआरआयच्या कागदावरील शब्दांनीही फार घाबरू नये. पाठ मुळीच न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढले तर विशीतल्या शंभरांपैकी ३० जणांची आणि ऐंशीच्या पुढच्या शंभरांपैकी ८४ जणांची गादी फुगलेली दिसते. पायातली कळ आणि फोटोतली जागा एकमेकांशी जुळते की नाही, हे तपासून सांगायला डॉक्टर लागतो.

राहिले काम. जर्मनीतील उल्म येथे १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाब मोजणारी बारीक सुई बसवून दिवसभर मोजमाप केले. माणूस एकच, पण आकडे बोलके आहेत. ते आम्ही टायरच्या हवेच्या पौंडांत करून देतो. आडवे पडलेले असताना सुमारे १५ पौंड. सरळ उभे राहिल्यावर ७०. वीस किलोचे ओझे अंगाशी धरून उभे राहिले तर १६०. तेच वीस किलो गुडघे वाकवून उचलताना २५०. आणि पाय ताठ ठेवून, पाठीची कमान करून उचलताना ३३० पौंडांच्या वर! लॉरीच्या टायरात साधारण शंभर पौंड हवा भरतात, हे ध्यानात घ्यावे. वीस किलो म्हणजे किती? सोळा लिटरचा भरलेला पाठीवरचा पंपच जवळपास तेवढा. युरियाचे पोते २०१८ पासून पन्नासाचे पंचेचाळीस किलोचे झाले, पण पंचेचाळीस किलो एकट्याने वाकून ओढण्याइतके हलके ते मुळीच नव्हे. पोते दोघांनी धरावे, ट्रॉलीच्या कडेला आणून मगच अंगाशी घ्यावे, आणि वळायचे असेल तर कमरेत पीळ न देता पाय टाकून वळावे. सकाळी उठल्याबरोबरचा तासभर गादी पाण्याने फुगलेली असते, तेव्हा वाकण्याची जड कामे त्या वेळेस टाळावीत. हे आमच्या लोकांना पटविणे कठीण आहे याची आम्हांला कल्पना आहे, कारण आमच्याकडे गोठ्याचे काम पहाटेच असते. निदान शेणाची पाटी घरातल्या तरण्या माणसाने उचलावी.

दुखणे आले तर अंथरुणावर दिवसच्या दिवस पडून राहू नये. दोन दिवस पुरे. मग सोसेल तेवढे, थोडे थोडे, रोज चालावे. गादीला झिरप मिळण्यासही हालचाल लागते. पाठीवर पाय देऊन घेणे, कमरेला झटका देऊन गादी 'बसविणे' हे प्रकार नस दबलेली असताना तर अजिबात करू नयेत.

त्या गृहस्थांना एक गोष्ट मात्र आम्ही बायकोसमोर बजावून सांगितली, ती सर्वांनी ऐकून ठेवावी. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली शक्ती जाऊ लागली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर यातले एक जरी झाले तरी थांबायचे नाही. कण्याच्या तळाशी नसांचा जो झुबका असतो तो सगळाच चिरडला जात आहे असा त्याचा अर्थ. रात्र असो की पाऊस, मिळेल त्या गाडीने त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात जायचे. तेथे तातडीचे ऑपरेशन करावे लागते. दोन दिवस गेले तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

त्यांच्यावर तशी वेळ आली नाही. लावणी त्या वर्षी भावाने केली. कळ आधी अंगठ्यातून पोटरीपर्यंत मागे हटली, मग मांडीपर्यंत, आणि भात पोटरीला आले तेव्हा ते बांधावर बसून आमच्याशी बोलले. अंगठ्याच्या कडेची बधिरता अजून आहे. डॉक्टर म्हणतात ती हळूहळू जाईल, कदाचित थोडी राहीलही. ओढ्याकडचा तुकडा त्यांच्याच नावावर आहे. त्यात यंदा रताळी केली आहेत.

पुढील अंकी: पाठीवरचा फवारणी पंप. पट्टे कोठे बांधावेत आणि तो किती भरावा.